वेरूळला तीनशे किलोमीटर जाताय, मग पंधरा किलोमीटरवरचं कंधार का राहतं? 'राष्ट्रीय स्मारक' नेमकं ठरतं कसं?

दिवाळीची सुट्टी संपली की लोह्याच्या शाळांमध्ये सहलीची कुजबुज सुरू होते. पैसे किती, कोण येणार, कोणाच्या घरचे सोडणार नाहीत. मग एसटीची बस प्रासंगिक करारावर ठरते. पहाटे चारला ती शाळेसमोर येऊन उभी राहते. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गळ्यात मफलर, आणि गाडी नांदेडमार्गे निघते. दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा. एका बाजूचं अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. निम्म्या पोरांना गाडी लागते, उरलेली मागच्या सीटवर गाणी म्हणत जागी राहतात. परत आल्यावर वहीत निबंध लिहायचा असतो : 'मी पाहिलेले राष्ट्रीय स्मारक'.

आता यातली गंमत बघा. वेरूळला पोरं ज्या कैलास लेण्यासमोर माना वर करून उभी राहतात, ते आठव्या शतकात राष्ट्रकूट घराण्यातल्या कृष्ण पहिला या राजाच्या काळातलं मानलं जातं. याच घराण्यात पुढे दहाव्या शतकात कृष्ण तिसरा झाला. घराण्याचा शेवटचा मोठा राजा. या कृष्ण तिसऱ्याच्या नावाशी जोडलेला किल्ला आहे कंधारला. लोह्यापासून साधारण पंधरा किलोमीटर. आणि लोहा हा वेगळा तालुका व्हायच्या आधी कंधार तालुक्यातच होता, म्हणजे लोहेकरांच्या आज्या-पणज्यांसाठी 'तालुक्याला जाऊन येतो' याचा अर्थ कंधारला जाऊन येतो असा होता.

घराणं एकच. पण वेरूळ केंद्र सरकारच्या यादीत 'राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक' आहे, १९८३ पासून जागतिक वारसास्थळही आहे. कंधारचा किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. म्हणजे राष्ट्रीय यादीत त्याचं नाव नाही.

का नाही? कंधारचा इतिहास कमी पडला का?

उत्तर इतिहासात कमी आणि कागदपत्रांत जास्त सापडतं.

'राष्ट्रीय' हा शब्द कायद्यातला आहे

बोलताना आपण लाल किल्ला, ताजमहाल, गेटवे ऑफ इंडिया अशी नावं एका दमात घेतो. ही सगळी आपल्या डोक्यात राष्ट्रीय स्मारकंच असतात. पण मार्च २०२३ मध्ये लोकसभेत एक प्रश्न आला. गेटवे ऑफ इंडियाला तडे गेलेत का? तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जी. किशन रेड्डी यांनी उत्तरात जे सांगितलं, ते ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसला. गेटवे हे केंद्र संरक्षित स्मारक नाहीच, ते महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

ज्या कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश तुकडी देश सोडून गेली, जिच्या नावातच 'इंडिया' आहे, ती कायद्याच्या भाषेत 'राष्ट्रीय' नाही. कंधारचा किल्ला आणि गेटवे ऑफ इंडिया हे दोघं सरकारदरबारी एकाच रांगेत बसतात.

ही वाटणी राज्यघटनेतच आहे. सातव्या परिशिष्टात केंद्र काय बघणार आणि राज्य काय बघणार याच्या याद्या आहेत. संसदेने कायद्याने किंवा कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली प्राचीन स्मारकं केंद्राकडे, बाकीची राज्याकडे. केंद्राचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग म्हणजे एएसआय करतो. राज्याचं काम पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय करतं. दोन्हीकडे कायदे वेगळे, कार्यालयं वेगळी, आणि तिजोरीही वेगळी.

केंद्राचा सध्याचा कायदा १९५८ चा. त्यानुसार स्मारक किमान १०० वर्षं जुनं हवं. एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची जाहीर करायची असेल, तर केंद्र सरकारला आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते. ही सूचना राजपत्रात येते आणि तिची प्रत त्या वास्तूजवळ ठळक जागी चिकटवायची असते. या दोन महिन्यांत ज्याचा त्या जागेशी संबंध आहे, त्याला हरकत घेता येते. हरकती तपासून मग अंतिम घोषणा.

अमेरिकेत हेच काम राष्ट्राध्यक्ष एका सहीने करू शकतो. तिकडे १९०६ च्या कायद्याने त्याला तसा अधिकार दिला आणि त्याच वर्षी डेव्हिल्स टॉवर नावाचा एक प्रचंड खडक देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक झाला. खडक, इमारत नव्हे. प्रत्येक देशाने 'राष्ट्रीय' या शब्दाचा अर्थ आपापल्या सोयीने लावलाय.

मग मराठवाड्याची यादी कोणी केली?

इथे निजाम येतो.

इंग्रजांच्या ताब्यातल्या भारतात १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. पण नांदेड, लातूर, औरंगाबाद तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. इंग्रजांचं पुरातत्त्व खातं इकडे थेट कारभार करत नव्हतं. निजाम सरकारने १९१४ मध्ये स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी १९२० नंतर इटलीहून दोन तज्ज्ञ आणले गेले ते याच खात्याच्या काळात. पुढे संस्थानाने स्मारकांसाठी स्वतःचा कायदाही केला. त्याचा सन आहे १३३७ फसली. मराठवाड्यात ज्यांनी आजोबांच्या जमिनीचे जुने कागद चाळलेत, त्यांना फसली सन नवा नाही. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे साधारण १९२७.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. मग प्रश्न पडला, संस्थानांनी जपलेल्या या शेकडो लेण्या, किल्ले, मंदिरं, मशिदी आता कोणाच्या? त्यावर संसदेने १९५१ मध्ये एक कायदा केला. त्याच्या शेवटी परिशिष्टात राज्यवार, जिल्हावार नावांची लांबलचक यादी होती. यादीत नाव आलं की स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद असे त्यात आले. ज्यांची नावं आली नाहीत ती राज्याकडे राहिली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि राज्याने त्या वर्षीचा स्वतःचा स्मारक कायदा केला. आज राज्य संरक्षित म्हणून जी पाटी दिसते ती या कायद्याखाली.

थोडक्यात, आज आपण ज्याला 'राष्ट्रीय' म्हणतो त्यातला फार मोठा भाग सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी झालेल्या याद्यांमधून आलाय. त्या याद्या तयार करणाऱ्यांनी काय पाहिलं होतं, कुठपर्यंत रस्ता होता, कशावर आधी पुस्तक निघालं होतं, या सगळ्याचा परिणाम त्यात असणारच. अजिंठा-वेरूळ तेव्हाच जगभर गाजलेलं होतं. कंधार नव्हतं.

कंधारची तर नावापासूनच अडचण आहे. आजही मोबाईलवर 'कंधार किल्ला' शोधायला गेलात तर अफगाणिस्तानातलं कंदाहार मध्ये येतं. जुन्या फारसी कागदांतही दोन्ही नावं जवळपास सारखीच लिहिलेली, त्यामुळे कुठलं कंधार हे संदर्भावरून ओळखावं लागतं. १६३१ मध्ये मुघल सरदार नसिरी खानाने जे कंधार घेतलं ते हे आपलं, मन्याड नदीच्या काठचं. निजामशाहीच्या हातून गेलेलं.

कंधारला बघायचं काय?

हा भुईकोट आहे. म्हणजे डोंगरावरचा नाही, सपाटीवरचा. सह्याद्रीचे किल्ले बघायची सवय असलेल्यांना पहिल्यांदा हे पचत नाही. चढायचं काही नाही, मग किल्ला कसला? पण मराठवाड्यात डोंगराचा आडोसा कमी. इथे औसा, उदगीर, परांडा, नळदुर्ग, कंधार असे किल्ले उभे राहिले ते खंदक, पाणी आणि जाड भिंतींच्या भरवशावर. कंधारला किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे. आत तटाच्या आत तट. दरवाजे एकदम समोरासमोर नाहीत, वळत वळत आत जावं लागतं, म्हणजे शत्रूला हत्ती पळवत आणून थेट दाराला धडक देता येऊ नये.

आत गेल्यावर एका राजाचा किल्ला बघतोय असं वाटत नाही, कारण तो एका राजाचा नाहीच. राष्ट्रकूट गेले ९७३ च्या सुमारास. नंतर चालुक्य, यादव-काकतीय, मग तुघलक, बहामनी, निजामशाही, मुघल, शेवटी हैदराबादचे निजाम. प्रत्येकाने काही ना काही बांधलं, दुरुस्त केलं, कोरून ठेवलं. फारसी शिलालेख आहेत, मशीद आहे, महालांचे अवशेष आहेत, तोफा आहेत. हजार वर्षांत दख्खनवर कोणी कोणी राज्य केलं हे दहावीच्या पुस्तकात पाठ करण्यापेक्षा इथे एक चक्कर मारली तर लवकर लक्षात राहतं.

आणि किल्ल्याच्या बाहेरचं कंधार त्याहून जुनं आहे.

कृष्ण तिसऱ्याच्या काळातला एक शिलालेख कंधारला मिळाला. त्यात इथल्या देवळांना, धर्मकार्याला दिलेल्या दानांची नोंद आहे. त्यात एका तलावाचा उल्लेख येतो, 'जगत्तुंगसमुद्र'. जगत्तुंग हे राष्ट्रकूट घराण्यातलं नाव. आता कंधारमध्ये कोणालाही विचारा, तलावाचं नाव काय. 'जगतुंग सागर' किंवा 'जगतुंग समुद्र'. राजवटी सात-आठ बदलल्या, भाषा बदलल्या, लिपी बदलली, पण तलावाचं नाव एका त-चा फरक सोडला तर हजार वर्षं तसंच. हे कुठल्याही बोर्डावर लिहिलेलं नसलं तरी चालेल, लोकांच्या तोंडात आहे.

मग मानसपुरी. कंधारला लागूनच. इथे एका अवाढव्य दगडी मूर्तीचे तुकडे सापडले. हात, पाय असे सुटे सुटे. ती क्षेत्रपालाची मूर्ती मानतात, म्हणजे गावाच्या हद्दीचं रक्षण करणारा देव. सापडलेल्या पावलांवरून आणि बोटांवरून अभ्यासकांनी अंदाज लावला की अख्खी मूर्ती उभी असताना पन्नास फुटांच्या वर असावी. पाच मजली घराएवढी. एका पावलाशेजारी माणूस उभा राहिला की त्याला आपोआप आपला आकार कळतो.

कृष्ण तिसऱ्याच्या बिरुदांमध्ये एक आहे 'कंधारपुरवराधीश्वर'. श्रेष्ठ अशा कंधारपुराचा स्वामी. हा तोच राजा ज्याने ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, म्हणजे आजच्या तमिळनाडूत. त्याची राजधानी होती मान्यखेट, आता कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. एवढा पसारा असलेल्या राजाला स्वतःच्या नावाला कंधारचं नाव लावावंसं वाटलं. यादीत नसलं म्हणून याचं वजन कमी होत नाही.

मग 'राष्ट्रीय' झाल्याने फरक काय पडतो?

बराच पडतो, आणि तो सगळाच गोड नाही.

पहिला फरक पैशाचा आणि माणसांचा. वेरूळला तिकीट आहे. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. (सहल काढणाऱ्या गुरुजींसाठी एक गोष्ट : वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. हे न बघता निघालेल्या सहली दारातून परत येतात.) मोठ्या स्मारकांवर पहारेकरी, बाग, स्वच्छतागृह, पायवाटा असं सगळं उभं राहतं. पर्यटक येतात, म्हणून गाईड येतात, म्हणून हॉटेलं येतात.

दुसरा फरक कायद्याच्या धाकाचा. केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केली, त्यावर कोरलं, तोडफोड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१० च्या दुरुस्तीने ही शिक्षा वाढवली. बदामाच्या आकारात स्वतःचं आणि तिचं नाव कोरणाऱ्याला हे बहुधा माहीत नसतं. त्याला वाटतं दगड मुका आहे.

तिसरा फरक आजूबाजूला राहणाऱ्यांना सोसावा लागतो. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधायचं. हा नियम सगळ्या केंद्रीय स्मारकांना आपोआप लागतो. गावाबाहेर डोंगरात असलेल्या लेण्यांना याचा त्रास नाही. पण भुईकोट किल्ला तर गावाच्या मध्यात असतो. तटाला खेटून घरं, दुकानं, शाळा. पोराच्या लग्नाआधी वर एक खोली चढवायची म्हटली तरी दिल्लीपर्यंत कागद जाणार असेल, तर त्या माणसाला किल्ल्याबद्दल प्रेम कसं वाटावं? 'आमचं गाव राष्ट्रीय यादीत टाका' अशी मागणी करणाऱ्या सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये ही बाजू सहसा नसते. मागणी करणारा पुण्यात राहतो आणि घर बांधणारा तटाजवळ.

आणि चौथी गोष्ट. यादीत असणं म्हणजे वाचणं असंही नाही. कॅगने २०१३ मध्ये तपासणी केली तेव्हा केंद्र संरक्षित ९२ स्मारकं जागेवर सापडली नाहीत. नंतर शोध घेतल्यावर त्यातली ४२ सापडली, १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ चा पत्ताच लागला नाही. २०२२ च्या शेवटी देशभरात केंद्राच्या यादीत ३,६९३ स्मारकं होती. मार्च २०२४ मध्ये त्यातून १८ नावं काढायचं ठरलं, कारण तिथे आता स्मारकच उरलेलं नाही. यादी दिल्लीत शाबूत, आणि जागेवर वस्ती.

उलटंही घडतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रात. रायगड, शिवनेरी, पन्हाळा, सिंधुदुर्ग हे केंद्राकडचे. पण साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे राज्य संरक्षित आहेत. राजगड, जिथून शिवरायांनी रायगडाच्या आधी पंचवीसेक वर्षं राज्य चालवलं, तो 'राष्ट्रीय' न होता थेट 'जागतिक' झाला. म्हणजे राज्याच्या यादीत असणं ही खालची पायरी आहे असं समजायचं कारण नाही.

या १२ किल्ल्यांत मराठवाड्यातला एकही नाही. कारण सरळ आहे, विषयच मराठ्यांच्या लष्करी रचनेचा होता. तरी मराठ्यांचा इतिहास मराठवाड्यात घडलाच नाही असं कोणी समजू नये. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते उदगीरला. त्या विजयानंतरच भाऊंची निवड उत्तरेच्या मोहिमेसाठी झाली आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचा भुईकोट आजही गावात उभा आहे.

यादीत न बसणारा इतिहास

केंद्राच्या कायद्यातली १०० वर्षांची अट आठवतेय? मराठवाड्याच्या बाबतीत ती एका ठिकाणी टोचते.

इथल्या माणसाला देशाचा इतिहास विचारला, तर तो राष्ट्रकूटांपासून सुरू करत नाही. तो रझाकारांपासून सुरू करतो. कोणाचं गाव जाळलं, कोण रात्रीतून सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलं, स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर कोणी कॉलेज सोडलं. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, लढ्याला पैसा हवा म्हणून. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. या लढ्याच्या जागा म्हणजे घरं, वाडे, गढ्या, बँकेची इमारत, नदीचा उतार. यातली जी त्या काळातच बांधलेली असेल ती नेहमीच्या वाटेने राष्ट्रीय यादीत यायला १०० वर्षं पूर्ण व्हावी लागतील. १९४८ मध्ये १०० मिळवा. २०४८.

संसदेने ठरवलं तर वेगळा कायदा करून वाट काढता येते. जालियनवाला बागेसाठी १९५१ मध्येच स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा हत्याकांडाला जेमतेम ३२ वर्षं झाली होती. पण गावातल्या पडक्या वाड्यासाठी संसद बसत नाही. तो वाडा २०४८ पर्यंत उभा राहील का, हा प्रश्न घरच्या वाटण्या आणि पावसाळे ठरवतात.

काही ठिकाणांना तर यादीची गरजच नाही. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण झालं. तिथला सचखंड हजूर साहिब गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३० च्या दशकात बांधला गेला. देशभरातून माणूस तिथे येतो तो पुरातत्त्व खात्याची पाटी वाचून नव्हे, माथा टेकायला. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, लाखो लोक येतात, घोड्यांचा बाजार भरतो, त्यालाही तिकीट खिडकी लागत नाही. जिवंत जागा माणसं सांभाळतात. अडचण असते ती ज्या जागेला पुजारीही नाही आणि पहारेकरीही नाही तिची.

मराठवाड्यात अशा जागांना एक नाव आहे. पांढर. गावाशेजारचं मातीचं उंच टेकाड, जिथे पूर्वी वस्ती होती. तिथली माती पांढरट, चिकट. जुन्या धाब्याच्या घरांवर, माळवदावर पावसाळ्याआधी हीच पांढरी माती टाकायची, पाणी झिरपत नाही म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून ती नेली गेली. त्या मातीत खापरं निघायची, मणी निघायचे, कधी एखादं नाणं. पोरं खापरांच्या ठिकऱ्या करून खेळायची. आता धाबी कमी झाली, स्लॅब आले, पण माती उचलायला जेसीबी आलाय. पूर्वी ज्याला शंभर वर्षं लागत होती ते आता एका दुपारी होतं.

महाराष्ट्रात केंद्र संरक्षित स्मारकं २८५ च्या आसपास आहेत आणि राज्य संरक्षित ४०० च्या आत. दोन्ही मिळून सातशेही होत नाहीत. राज्यात महसुली गावं चाळीस हजारांच्या वर. बाकीच्या गावांमधल्या वेशी, बारवा, वीरगळ, गढ्या आणि पांढरी यांचं काय होतं ते तिथली ग्रामपंचायत आणि शेजारचा शेतकरी ठरवतो.

जायचं असेल तर

लोह्याहून कंधारला एसटी आहे, जीपही मिळते. पावसाळा संपल्यावर, खंदकात पाणी असताना गेलं तर भुईकोट म्हणजे काय हे न सांगता कळतं. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नये, मराठवाड्यातला मे महिना कोणालाच सोडत नाही. सकाळी किल्ला, मग जगतुंग सागर, मग मानसपुरी, आणि गावातला हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा. संध्याकाळी घरी. सहलीचा खर्च वेरूळच्या तुलनेत काहीच नाही, आणि गाडी लागायच्या आत प्रवास संपतो. पोरांनी निबंधात 'राष्ट्रीय' ऐवजी 'राज्य संरक्षित' लिहिलं तरी गुरुजी मार्क कापणार नाहीत, अशी आशा.

कुठल्याही स्मारकावर पोचलात की आधी पाटी बघा. केंद्राचं असेल तर निळ्या पाटीवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं नाव आणि शिक्षेची तरतूद छापलेली असते. राज्याचं असेल तर पुरातत्त्व संचालनालयाचं. तक्रार कुठे करायची हे त्यावरूनच ठरतं. भिंत ढासळली, कोणी झाडं लावून तटाला तडे पाडले, कोणी दगड काढून नेले, तर कंधारसारख्या ठिकाणासाठी एएसआयला टॅग करून उपयोग नाही. ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या नांदेड कार्यालयाला कळवावं लागतं.

आणि पाटीच नसेल, तर ती जागा कुठल्याच यादीत नसण्याची शक्यता मोठी. अशा जागेबद्दल ग्रामसभेत ठराव घेऊन, फोटो आणि गट नंबर जोडून राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करता येतो. जागा संरक्षित करायचं ठरलं, तर राज्याच्या कायद्यातही आधी सूचना काढावी लागते आणि लोकांना हरकतीसाठी मुदत द्यावी लागते. तो कागद गावात लागतो तेव्हा बहुतेक जण तो वाचत नाहीत. वाचतो तो फक्त ज्याची जमीन शेजारी आहे तो.